काळ्या वाळूवर झोपलेला माणूस

ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत माझं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण गुडघ्याचे नाहीतर मानेचे. खांदा घेऊन येणारे कमी, पण खांद्याला वेळ फार लागतो. आठवड्यातून तीन दिवस, असे चार-पाच महिने. एवढ्या काळात माणूस बोलायला लागतोच. नेविल मिस्किटा मात्र पहिले दोन महिने काही बोलला नाही. यायचा, चपला नीट बाजूला ठेवायचा, टेबलावर आडवा व्हायचा आणि मी त्याचा हात उचलायला घेतला की झोपी जायचा. ऑपरेशन झालेल्या खांद्याला हात लावला की भलेभले कळवळतात. हा घोरायचा.

ही २०१९ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नेविल तेव्हा बावन्न वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. घर कोलबाडला, क्लिनिकपासून चालत दहा मिनिटांवर. वडील कॉस्मास खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते, थोडी भातशेतीही होती. ती कधीच गेली, तिथे आता इमारती आहेत. नेविल पंचविसाव्या वर्षी बोटीवर लागला. आधी मालवाहू जहाजं, आणि शेवटची नऊ वर्षं एक वेगळंच जहाज. ते दर हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, प्रवाशांना घेऊन पृथ्वीच्या दक्षिण टोकाला जायचं. तिथली बर्फाची बेटं, ज्वालामुखीची बेटं, पेंग्विन, सील दाखवायचं आणि परत आणायचं.

तिसऱ्या महिन्यात एकदा त्याला झोप लागली नाही. त्या दिवशी त्याने सांगायला सुरुवात केली. पुढे मी हे लिहू का म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाला, "लिहा ना डॉक्टर. फक्त कंपनीचं नाव नको. त्यांची काय चूक नाही."

नेविलचं काम जहाजाच्या पोटाशी असलेल्या दारात उभं राहण्याचं. तिथून प्रवासी छोट्या रबरी बोटीत उतरायचे आणि बेटावर जायचे. जहाज हलतंय, बोट हलतेय, मध्ये बर्फासारखं पाणी. बोटीत पाय टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला धरायचं, आणि तो परत आला की पुन्हा धरून वर घ्यायचं. धरण्याची एक पद्धत असते. तळहात धरायचा नाही, तो निसटतो. त्याने आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. प्रवासी एकशे तीस. दिवसातून दोनदा जाणं, दोनदा येणं. कधी तीनदासुद्धा. नेविल म्हणायचा, "चेहरे आठवत नाहीत मला. मनगटं आठवतात. कोणाचं घड्याळ, कोणाची नाडी उडतेय."

पहाटे साडेचारला उठायचं. सात महिने सुट्टी नाही. खांदा दोन वर्षं दुखत होता. त्याने जहाजावरच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं. ठाण्याहून निघताना गोळ्या घेऊन जायचा, सकाळी एक, दुपारी एक. या नऊ वर्षांत तो स्वतः एकदाही बेटावर उतरला नव्हता. वेळ उरला तर खलाशांनाही थोडं फिरवून आणायचे, पण दारातला माणूस शेवटची बोट वर येईपर्यंत दार सोडत नाही. ती आली की दार बंद आणि जहाज पुढे. त्यामुळे पृथ्वीचं ते टोक त्याने पाहिलं ते त्या दाराएवढंच.

त्या जानेवारीतल्या फेरीत पहिल्याच दिवशी एक वयस्क बाई दारात आल्या. लाल जाकीट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, वर लाइफ जॅकेट, त्यात त्या पार बुडून गेल्या होत्या. पुढचा माणूस बोटीत बसला आणि बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "अगं बाई, आता पाय कुठे ठेवू मी."

"काळ्या पट्टीवर ठेवा बाई," नेविल म्हणाला.

त्यांनी चमकून पाहिलं. "तुम्ही मराठी?"

"ठाण्याचा. चला, आता टाका पाय."

मागे रांग होती, एवढंच बोलणं झालं. तीन तासांनी त्या परत आल्या तेव्हा मनगट धरल्याधरल्या म्हणाल्या, "ठाण्यात कुठे?"

"कोलबाड."

दुपारी उतरताना म्हणाल्या, "मी डोंबिवलीची. कोपर स्टेशनच्या बाजूला. माया टेंबे."

संध्याकाळी वर येताना, "घरी कोण असतं?"

"बायको. लुर्दस. शाळेच्या ऑफिसात आहे. मुलगी बँगलोरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, "किती महिन्यांनी जाता घरी?"

"सात."

त्या बोटीत बसल्या. दुपारी परत आल्यावर म्हणाल्या, "सात म्हणजे फार झाले."

असं त्यांचं संभाषण तीन दिवस एकेका वाक्याने चाललं. बाई एकाहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या. मुलगा शौनक अमेरिकेत असतो, त्याने ही सहल ठरवली होती, तो बरोबरच होता. चांगला मुलगा. आईच्या बुटांचे पट्टे स्वतः वाकून लावायचा.

चौथ्या दिवशी जहाज डिसेप्शन नावाच्या बेटाजवळ पोचलं. हे जिवंत ज्वालामुखीचं बेट. बाहेरच्या बाजूला सरळ तुटलेले काळे कडे, त्यांच्यावर बर्फाचे पट्टे, आणि त्या बर्फावरही राखेची काजळी. सकाळी सहाला नेविलने दार उघडलं तेव्हा आधी वास आला. किनारा अजून अर्धा मैल लांब होता, पण सुक्या बोंबलाच्या गोदामात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. जहाज आणखी जवळ गेलं तसा आवाज. समोरचा सगळा डोंगर पेंग्विननी भरलेला होता, हजारोंनी. हनुवटीखाली काळी दोरी बांधल्यासारखी रेघ असलेले ते पेंग्विन फेसाळ लाटेतून बाहेर फेकले जायचे, पोटावर आपटायचे, उठायचे आणि एकामागे एक चढावर चालायला लागायचे. ती रांग पाहून नेविलला दर वर्षी मिठागरावरच्या बाया आठवायच्या. डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून अशाच एका ओळीत चालायच्या. वडिलांचा डबा घेऊन जायचा तेव्हा लहानपणी त्याने पाहिलेलं.

त्या सकाळी समुद्र चांगला नव्हता. किनाऱ्यापर्यंत जायचं तर लाट होती. बोट दाराशी हातभर वर यायची आणि हातभर खाली जायची. उतरवायचं की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि उतरवायचं ठरलं. नेविलने सकाळची गोळी घेतली होती. सत्तरएक माणसं उतरून गेल्यावर शौनकची पाळी आली.

शौनक बोटीत बसला. पाठोपाठ माया बाई आल्या. नेविलने उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं, लाटेकडे पाहिलं आणि म्हणाला, "थांबा." पण इंजिनाच्या आवाजात बाईंना ते 'टाका' वाटलं असावं. त्यांनी पाय टाकला आणि त्याच क्षणी बोट खाली गेली. पाय अधांतरी राहिला, दुसरा दाराच्या कडेवरून घसरला. दोन-तीन सेकंद बाईंचं सगळं वजन, ओल्या जाकिटासकट, नेविलच्या एका हातावर होतं. खाली जहाज आणि बोट यांच्यामधली फट. त्या फटीत माणूस पडला तर काय होतं ते त्याने मालवाहू जहाजाच्या दिवसांत एकदा पाहिलं होतं. त्याने हात सोडला नाही. खांद्यात जाड कापड टरकावल्यासारखं काहीतरी झालं. मग बोट वर आली, चालवणाऱ्या पोरीने बाईंना कमरेला धरून आत ओढलं आणि बाई शौनकच्या शेजारी जाऊन बसल्या.

कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. लाट असली की असे झोके बसतातच. उरलेली पन्नासएक माणसं नेविलने डाव्या हाताने उतरवली.

परत येताना माया बाईंचा चेहरा थंडीने लाल झाला होता. "पाहिले हो पेंग्विन," त्या म्हणाल्या. "फारच वास." मग थांबून, "आज डावा हात?"

"असाच. बदल म्हणून."

शेवटची बोट आली, दार लागलं. फिलिपिनो बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, दोर गुंडाळायला सांगितला, तर नेविलचा उजवा हात कमरेच्या वर जाईना. बोसनने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खाली केबिनमध्ये पाठवलं. केबिनमधला जोडीदार होता आंबिवलीचा साईनाथ, जहाजाच्या लाँड्रीत काम करणारा. त्याने जाकीट काढायला मदत केली. बाही निघता निघेना, शेवटी दोघांनी मिळून दहा मिनिटांत काढली. दंड कोपरापर्यंत काळानिळा पडलेला.

"भाई, ये नॉर्मल नहीं है," साईनाथ म्हणाला. "डॉक्टरकडे चल. मी येतो."

"गोळी घेतो एक."

"गोळीने काय होणारे? तू हात बघ तुझा."

डॉक्टरने हात हळूच इकडेतिकडे करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. हे आज झालं की जुनं आहे?

नेविलने मनात हिशोब केला. आज झालं म्हटलं तर कागद होणार. कोण प्रवासी, कसा पाय टाकला, कोणी थांब म्हटलं, कोणी नाही. मग माया बाईंना उरलेल्या दिवसांत बोटीतून उतरू देणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. आधी दोन वेळा तसं झालं होतं, तेही वयस्क माणसांच्या बाबतीत. आणि जुनं आहे म्हटलं तर दोन वर्षं लपवलेलं बाहेर येणार. समुद्रावर काम करायला लागणारं डॉक्टरी सर्टिफिकेट त्याला पुन्हा मिळणार नाही.

"जुनं आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं दुखतोय."

डॉक्टरने हात गळ्यात बांधला. आता काम नाही, चार दिवसांनी बंदर येईल तेव्हा घरी.

दुपारी जहाज बेटाच्या आत शिरायला निघालं. बेट घोड्याच्या नालासारखं आहे, एका बाजूला कड्यांमध्ये अरुंद खिंड आहे आणि त्या खिंडीतून जहाज आत जातं. नेविलला काहीच काम नव्हतं. कुठे उभं राहावं तेही कळेना. गेली सत्तावीस वर्षं तो जहाजावर कुठेतरी काहीतरी धरूनच उभा असायचा. तो वरच्या उघड्या डेकवर एका कोपऱ्यात गेला. दोन्ही बाजूंनी लालसर काळे कडे इतके जवळ आले की त्यांच्यावर बसलेले पक्षी मोजता यावेत. मग एकदम वारा पडला, लाट थांबली, आणि जहाज आत सपाट राखाडी पाण्यात आलं. नऊ वर्षांत तो इथे तीसेक वेळा आला असेल, पण आत येताना हे असं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही इथे?" माया बाई मागे उभ्या होत्या. त्यांची नजर गळ्यातल्या हातावर गेली. "हे काय?"

"जुनं दुखणं आहे बाई. वर आलं परत."

थोड्या वेळाने त्या जाऊन मोहिमेच्या प्रमुख बाईंशी, एका उंच नॉर्वेजियन बाईशी, काहीतरी बोलताना दिसल्या. शौनक वरच्या कड्यापर्यंत चढून जाणाऱ्या गटात होता. आई किनाऱ्यावर एकटी राहणार होती. नॉर्वेजियन बाई नेविलजवळ आली आणि म्हणाली की या आजीबाई म्हणतायत, तुम्ही बरोबर आलात तरच उतरेन. डॉक्टरची हरकत नाही. येता का?

नेविल मला म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगू? नाही म्हणायचंच तोंडात आलेलं. मला केबिनमध्ये जाऊन झोपायचं होतं."

पण तो गेला. दारात त्याच्या जागेवर दुसरा खलाशी होता, त्याने डावं मनगट धरून नेविलला बोटीत उतरवलं. "अनोळखी वाटलं जरा," नेविल म्हणाला. "आपल्याला कोणी धरतंय असं."

किनारा पूर्ण काळा. वाळू, राख आणि खडी, आणि पाण्याच्या कडेने वाफ वर येत होती, सडक्या अंड्यासारख्या वासाची. शंभर वर्षांपूर्वी इथे देवमासे मारून त्यांची चरबी कढवायचे. त्या कारखान्याच्या गंजून लाल झालेल्या प्रचंड टाक्या तशाच उभ्या होत्या, मागे अर्धी राखेत गाडलेली लाकडी घरं. वाळूत एक पांढरी कमान रुतलेली होती. ते हाड आहे हे जवळ गेल्यावर कळलं. थोड्या अंतरावर एक गलेलठ्ठ सील उताणा झोपलेला होता. पलीकडे मिशाळ, छोट्या कानांचे फर सील आपसांत गुरगुरत होते. त्यांच्यापासून लांब राहा, अंगावर येतात, आला तर पळू नका, हात वर करून टाळ्या वाजवा, असं गाइडने सगळ्यांना सांगितलं आणि तो टाक्यांकडे वळला. दोन पेंग्विन पाण्यातून आले, माणसांकडे ढुंकूनही न बघता पुढे निघून गेले.

माया बाई चालायच्या काठीवर दोन्ही हात ठेवून सभोवार बघत उभ्या राहिल्या. "कळलं का, आपण कुठे उभे आहोत?" त्यांनी विचारलं.

"बेटावर."

"ज्वालामुखीच्या तोंडात. हे सगळं पाणी दिसतंय ना, ते तोंड आहे. आतला सगळा ऐवज बाहेर पडला, वरचा डोंगर खाली बसला आणि एका बाजूने समुद्र आत आला."

"म्हणजे आपलं जहाज तोंडात उभं आहे?"

"हो."

"नऊ वर्षं येतोय मी," नेविल म्हणाला. "कोणी सांगितलं नाही." प्रवाशांना रोज संध्याकाळी व्याख्यान असायचं. तेव्हा तो दार धूत असायचा.

"मी दर वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर काढायचे," बाई म्हणाल्या. "शंकू, वर तोंड, मधून लाल खडूने लाव्हा. मुलांना फार आवडायचं. आणि इथे पाहावं तर नुसतं काळं." त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. मुलाने उत्तर चुकीचं लिहिलंय की आपणच प्रश्न नीट काढला नाही, याचा विचार करणाऱ्या शिक्षिकेसारख्या त्या बोलत होत्या.

वाफ येत होती तिथून थोडं वर एक फळकूट पडलं होतं. तिथे दोघं बसली. नेविलने डाव्या हाताने वाळू उकरली, तर बोटभर खाली ती ऊबदार होती. तो फळकुटावरून खाली सरकला, वाळूवर बसला. मग पाठ टेकवली. आकाश राखाडी, वारा नाही, कुठलं इंजिन नाही. बाई काहीतरी बोलत होत्या. त्यातलं शेवटचं वाक्य त्याला आठवत नाही.

पुढचं त्याला नंतर कळलं. तो झोपल्यावर पंधरावीस मिनिटांनी फर सीलमधला एक दांडगा नर पुढच्या पायांवर उठला आणि डुलत डुलत सरळ नेविलच्या दिशेने निघाला. जवळपास कोणी नव्हतं, गाइड टाक्यांपाशी होता. बाई उठल्या आणि नेविल आणि सील यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हात वर करायचे, टाळ्या वाजवायच्या हे त्यांना आठवत होतं, पण हातात काठी होती. त्यांनी काठी वाळूत रोवली आणि एकतीस वर्षं चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गात चाललेल्या आवाजात म्हणाल्या, "मागे हो. मागे हो आधी."

सील थांबला. त्याने दात दाखवले, नाकातून फुरफुरला. बाई जागच्या हलल्या नाहीत. तोवर गाइड धावत आला, त्याने टाळ्या वाजवल्या आणि सील वळून आपल्या घोळक्यात गेला. गाइडने झोपलेल्या नेविलकडे पाहिलं आणि त्याला उठवण्यासाठी वाकला. बाईंनी तोंडावर बोट ठेवून त्याला थांबवलं.

नेविल जागा झाला तेव्हा निघायला अर्धा तास राहिला होता. बाई फळकुटावर बसून होत्या, काठी आडवी मांडीवर.

"घोरता तुम्ही," त्या म्हणाल्या.

"सॉरी बाई. तुमच्याबरोबर म्हणून पाठवलेलं मला."

"मला बरं वाटलं. माझ्यासमोर इतकं निवांत कोणी झोपलं नाही कितीतरी दिवसांत." मग त्या म्हणाल्या, "खांदा सकाळी गेला ना? माझ्यामुळे."

"नाही बाई, जुनं आहे."

"एकतीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकली आहेत मी."

नेविलने मान खाली घातली. "जुनंही आहे," तो म्हणाला. "दोन्ही खरं आहे. पण तुम्ही कोणाला बोलू नका. उरलेले दिवस तुम्हाला उतरू देणार नाहीत."

बाई हसल्या. "अहो, मला कुठे उतरायचंय? मला यायचंच नव्हतं. हे गेल्यापासून शौनक दर वर्षी मला कुठेतरी नेतो. विश्रांतीसाठी. मी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर त्याला कोपरच्या घरात माझ्यासमोर नुसतं बसावं लागेल. काय बोलायचं ते त्यालाही सुचत नाही, मलाही नाही. त्यापेक्षा पेंग्विन बरे. दोघांनाही बघायला काहीतरी होतं."

नेविलने विचारलं, "दमलात?"

"फार," बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी पण."

मग दोघं वाफेकडे बघत बसून राहिली. कड्यावरून खाली येणारा लाल जाकिटांचा गट दिसायला लागला, त्यात शौनक पुढे होता, लांबूनच आईला हात करत होता. बाईंनीही हात हलवला. "आता उत्साह दाखवायला हवा," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्या.

चार दिवसांनी नेविल विमानाने घरी आला. ठाण्यात ऑपरेशन झालं. लुर्दसला त्याने सांगितलं की जहाजाच्या जिन्यावरून पाय घसरला. ती रोज शाळा सुटल्यावर त्याच्या पोळीचे तुकडे करून द्यायची, शर्टाची बटणं लावायची, आणि सगळ्यांना सांगायची की सहा महिन्यांत बरा होईल, परत जाईल.

जूनमध्ये माया बाई कोलबाडला आल्या. शौनक अमेरिकेला परत गेला होता. नेविलचा पत्ता त्यांनी जहाजावर साईनाथकडून लिहून घेतला होता. येताना खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. चहा होईपर्यंत त्यांनी लुर्दसला सगळं सांगून टाकलं, लाट, पाय, दोन-तीन सेकंद, सगळं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याने माझ्यासाठी स्वतःची नोकरी घालवली."

लुर्दसने त्यांच्यासमोर काही दाखवलं नाही. त्यांना रिक्षात बसवून आली आणि दार लावून नेविलसमोर बसली. घरात ती दोघं आपल्या बोलीत बोलतात.

"मना खरा सांग. कसा झाला?"

"बाय बोलली तसाच झाला."

"मंग जिना कशाला सांगितलास?"

नेविल मला म्हणाला की तेव्हा त्याला गप्प राहता आलं असतं. मोठेपणा आयता मिळत होता. बाईंनी मनापासून दिलेला. पण तो समोर बसलेल्या लुर्दसकडे बघत राहिला, आणि त्याच्याने ते घेववेना.

"तिच्यासाठी थोडा केला," तो म्हणाला. "पण समदा तिच्यासाठी नाय केला. डॉक्टरनी विचारला तवा मना एकदम हलका वाटला. जुना हाय बोललो की आता कोणी परत बोलावणार नाय. मी थकलेलो, लुर्दस. लय वर्सांपासून थकलेलो. मना कारण पायजे होता."

लुर्दस म्हणाली, "मना वाटलेला तुना दर्या आवडते."

"पयला आवडायचा."

"बावीस वर्सं लग्नाला झाली. त्यातली दहा तरी मी एकटीनं काढली. तुना आवडते म्हणून काढली." हे ती रागाने म्हणाली नाही. नेविलच्या मते ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती तशीच बसून राहिली, साडीच्या काठावरून बोट फिरवत, आणि मग म्हणाली, "बोलायचास ना रे आदी."

फोनवर दर रविवारी बोलणं व्हायचं. ती विचारायची, कसा हायस, आणि तो म्हणायचा, बरा.

हे मला नेविलने सांगितलं त्याच आठवड्यात लुर्दस एकदा त्याच्याबरोबर क्लिनिकला आली. बारीक अंगाची, शांत बाई. तो आत टेबलावर असताना बाहेरच्या खुर्चीत बसून मला म्हणाली, "डॉक्टर, परत जायचं सर्टिफिकेट काढायचं नाही आहे आता. नुसता बरा झाला तरी चालेल."

पुढे नेविलने कोपरला एका मोठ्या सोसायटीत मॅनेजरची नोकरी धरली. माया बाईंनीच ओळख काढून दिली होती. काम कंटाळवाणं आहे, पाण्याचे टँकर आणि लिफ्टच्या तक्रारी. सहाला घरी येतो.

पण नोकरीआधी त्या जूनमध्ये लुर्दसने शाळेतून चार दिवसांची रजा घेतली होती. एवढ्या वर्षांत आजारपणाशिवाय पहिल्यांदा. विचारणाऱ्यांना वाटलं कुठेतरी जाणार असतील. ती दोघं कुठेच गेली नाहीत. पहिले दोन दिवस नुसती झोपली. दुपारी उठून भात-कालवण खाल्लं, परत झोपली. बँगलोरहून मुलीचा, व्हेनेसाचा फोन आला, सगळं ठीक ना म्हणून, तर लुर्दस अर्धवट झोपेत म्हणाली की ठीक आहे, मग करते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला जाग आली तेव्हा नेविल खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. तिने चहा टाकला. दोन कप घेऊन आली, आणि दुसरी खुर्ची त्याच्या शेजारी लावून बसली. खाली गल्लीत कोणाचं तरी सामान टेम्पोत चढत होतं. कपाट जिन्यातून उतरवताना अडकलं होतं, आणि चार माणसं ते कसं काढावं यावर वाद घालत होती. चहा संपेपर्यंत दोघं ते बघत राहिली.